सोनोग्राफीच्या रिपोर्टमधली सिस्ट : कुठली सोडून द्यायची, कुठली नाही?

शर्वरी_क :

नमस्कार. घरातल्या तिघींचे सोनोग्राफीचे रिपोर्ट आलेत आणि तिन्हींत सिस्ट लिहिलंय. तिघींना सल्ले वेगवेगळे मिळालेत, म्हणून सगळं एका जागी मांडते.

वहिनी, वय ३४, एक मुलगा आहे. ओटीपोटात उजवीकडे दुखत होतं म्हणून पाळीच्या २२व्या दिवशी सोनोग्राफी केली. उजव्या ओव्हरीत (अंडाशयात) ४६ बाय ४१ मिमीची सिस्ट, आत जाळीसारखे इंटर्नल एकोज, सॉलिड भाग नाही, डॉपलरवर आत रक्तप्रवाह नाही. 'हेमोरेजिक सिस्टची शक्यता' असा शेरा. शिवाय सर्व्हिक्सवर (गर्भाशयाच्या तोंडावर) नाबोथियन सिस्ट. सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरच्या शंकेसाठीची रक्ततपासणी) पण करायला सांगितलं होतं, ते ४८ आलं (लॅबची मर्यादा ३५). एका ठिकाणी 'ओव्हरी काढून टाका, विषय संपेल' असं सांगितलं गेलं.

आई, वय ५९, पाळी जाऊन आठ वर्षं झाली. पित्ताशयासाठी पोटाची सोनोग्राफी केली, त्यात डाव्या ओव्हरीत २८ मिमीची सिम्पल सिस्ट दिसली. त्रास काहीच नाही.

चुलत बहीण, वय १७, पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली. आता दीड-दोन महिन्यांनी येते. रिपोर्टमध्ये 'दोन्ही ओव्हरी पॉलिसिस्टिक'. काकू धास्तावल्यात, गाठी काढायला ऑपरेशन लागणार असं त्यांनी धरूनच ठेवलंय.

कुणाच्या बाबतीत घाई करायची आणि कुणाच्या नाही? रिपोर्टमधले शब्द कसे वाचायचे हेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

---

सोनो_नाशिक :

शर्वरीताई, रिपोर्टमधला मजकूर जसाच्या तसा दिलात हे फार बरं केलंत. नुसतं 'सिस्ट आहे' यावरून काहीच सांगता येत नाही. बाईचं वय काय, सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी झाली, पिशवीच्या आत काय दिसतंय आणि तिची भिंत कशी आहे, हे चार मुद्दे हातात असले की बहुतेक निर्णय होतात. आकार त्यांच्या नंतर येतो.

सिस्ट म्हणजे स्वतःचं अस्तर असलेली पिशवी, आत पाणी, रक्त, चिकट स्राव किंवा तेलकट लगदा. ग्रंथीचं तोंड बंद होऊन स्राव साठला की होते, अस्तराच्या पेशी नको तिथे अडकल्या की होते, आणि ओव्हरीत तर दर महिन्याच्या कामातूनच होते. बीज वाढवणारी फॉलिकल साधारण १८ ते २५ मिमीची झाली की फुटते आणि बीज बाहेर पडतं. ती न फुटता वाढत राहिली तर फॉलिक्युलर सिस्ट. फुटल्यावर तिचंच कॉर्पस ल्यूटियम होतं. त्यात द्रव साठला तर कॉर्पस ल्यूटियम सिस्ट आणि रक्त साठलं तर हेमोरेजिक सिस्ट. या तिन्हींना मिळून फंक्शनल सिस्ट म्हणतात. पाळी चालू असलेल्या बाईच्या ओव्हरीत ३ सेंमीपर्यंतची साधी पिशवी दिसली तर तिला आम्ही फॉलिकलच म्हणतो. काही रिपोर्टांत तिलाही सिस्ट लिहून टाकतात आणि घरभर काळजी पसरते.

आता शब्द. 'अनेकोइक' म्हणजे पडद्यावर आत पूर्ण काळं, अर्थात निव्वळ पाणी. पातळ गुळगुळीत भिंत, आत पडदा नाही, काही तरंगत नाही, ती 'सिम्पल सिस्ट'. 'सेप्टा' म्हणजे आतले पडदे. एखादा पातळ पडदा असला तर बिघडत नाही, अनेक किंवा जाड असले तर लक्ष द्यायचं. 'पॅपिलरी प्रोजेक्शन' म्हणजे भिंतीवरून आत उगवलेला मांसल कोंब, आणि 'सॉलिड कंपोनंट' म्हणजे घट्ट भाग. त्या घट्ट भागात डॉपलरवर रक्तप्रवाह दिसला तर मात्र थांबायचं नाही. 'असायटिस' म्हणजे पोटात पाणी. सिस्टसोबत हा शब्द आला तर तोही गंभीरपणे घ्यायचा. अलीकडच्या रिपोर्टांत शेवटी ओ-रॅड्सचा आकडा असतो. १ म्हणजे नॉर्मल ओव्हरी, २ मध्ये कॅन्सरची शक्यता १ टक्क्याहून कमी, ३ मध्ये १ ते १० टक्के, ४ मध्ये १० ते ५०, आणि ५ मध्ये ५० टक्के किंवा अधिक. हा आकडा रिपोर्टमध्ये नसेल तर मागून घ्या.

वहिनींच्या रिपोर्टमधली जाळी ही साकळलेल्या रक्तातल्या फायब्रिनच्या धाग्यांची असते. जाळीत रक्तप्रवाह नसतो. भिंतीभोवती गोल कडं दिसू शकतं, ते कॉर्पस ल्यूटियमचंच. २२वा दिवस म्हणजे कॉर्पस ल्यूटियमचेच दिवस. वय, दिवस, जाळी, सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय. पाळी चालू असताना ५ सेंमीपर्यंतच्या, अशा नमुनेदार हेमोरेजिक सिस्टला पुन्हा सोनोग्राफी केलीच पाहिजे असंही नाही. पण दुखतंय आणि शेऱ्यात 'शक्यता' लिहिलंय, त्यामुळे एकदा बघून घ्यावं.

कधी, हे महत्त्वाचं. सर्रास 'महिन्याने या' सांगतात, बाई महिन्याने बरोबर पुन्हा २२व्या दिवशी जाते, तोपर्यंत जुनी सिस्ट गेलेली असते आणि या महिन्याचं नवं कॉर्पस ल्यूटियम दिसतं. रिपोर्टमध्ये येतं, 'सिस्ट कायम'. अशा 'कायम' सिस्टवर ऑपरेशनंही झालेली आहेत. म्हणून आता येणारी पाळी सोडा, त्यापुढच्या पाळीच्या ५व्या ते १०व्या दिवसांत जा. साधारण सहा आठवडे होतात, आणि त्या दिवसांत ओव्हरी सर्वांत शांत असते.

नाबोथियन सिस्टची ओळ खोडून टाका. गर्भाशयाच्या तोंडावरच्या चिकट स्रावाच्या ग्रंथी बंद होऊन त्या होतात, मूल झालेल्या बायकांत नेहमी दिसतात, उपचार लागत नाही. पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाची कॅन्सर तपासणी) मात्र ठरल्या वेळी करायचाच, त्याचा या सिस्टशी संबंध नाही.

आईंची सोनोग्राफी वरच्या पोटासाठी होती, ओव्हरी ओघात दिसली. आधी योनीमार्गातून सोनोग्राफी करून ती खरंच सिम्पल आहे का, एवढं नक्की करा. पुढचं स्त्रीरोगवाले सांगतीलच.

---

स्त्रीरोग_सोलापूर :

वरच्या प्रतिसादाशी सहमत. उपचाराच्या बाजूने लिहिते.

वहिनींची ओव्हरी काढायचं कारण या रिपोर्टमध्ये कुठेही नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ६५० मिग्रॅ, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर. ओटीपोट गरम पाण्याच्या पिशवीने शेका. सिस्ट 'विरघळवायला' गर्भनिरोधक गोळ्या सर्रास लिहून देतात, पण आत्ता असलेली फंक्शनल सिस्ट त्यांनी लवकर जात नाही. गोळी न घेणारीचीही दोन-तीन पाळ्यांत तेवढ्याच प्रमाणात जाते. बीज बाहेर पडणं थांबतं म्हणून नव्या सिस्ट कमी होतात, तो उपयोग खरा, पण ज्यांना त्या वारंवार होतात त्यांच्यासाठी. काढे, चूर्णं, आहाराचे कोर्स यांना जे यश मिळालेलं दिसतं, ते बहुतेक याच आपोआप जाणाऱ्या सिस्टमुळे. डर्मॉइड या वेगळ्या प्रकारच्या सिस्टवर त्यातलं काहीही चालत नाही, आणि तिथे वेळ गेला तर नुकसान होतं.

पोटात एका बाजूला दुखतंय आणि मूल होण्याचं वय आहे, तर पहिली तपासणी लघवीतली गर्भधारणा चाचणी, पाळी आलेली असली तरी. ट्यूबमधला गर्भ आणि हेमोरेजिक सिस्ट यांच्यात गल्लत झाली तर जिवावर बेतू शकतं. केली नसेल तर आज करा, किट मेडिकलमध्ये मिळतं.

सीए-१२५ वहिनींना करायला नको होतं. पाळीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढते तो आजार), फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयातल्या गाठींमध्ये), पोटाच्या जंतुसंसर्गात, गरोदरपणात, सगळीकडे ते वाढतं. पाळी चालू असलेल्या बाईत ४८ हा आकडा कॅन्सरबद्दल काही सांगत नाही. आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची ती पोटाचा टीबी. त्यात पोटात पाणी होतं, ओव्हरीजवळ गाठीसारखं दिसतं आणि सीए-१२५ शेकड्यांत जातं. सगळं चित्र ओव्हरीच्या कॅन्सरचं, आणि निघतो औषधांनी बरा होणारा आजार. म्हणून नुसत्या आकड्यावर मोठं ऑपरेशन ठरवायचं नाही, आधी पोटातल्या पाण्याची किंवा तुकड्याची तपासणी. चाळिशीच्या आतल्या बाईत सिस्टमध्ये घट्ट भाग असेल तर एलडीएच, एएफपी आणि बीटा-एचसीजी या रक्ततपासण्या जास्त कामाच्या. तरुण मुलींत होणाऱ्या जर्म सेल (बीजपेशींच्या) ट्यूमरमध्ये हे वाढतात.

आईंना मात्र सीए-१२५ करा. पाळी गेल्यावर त्या आकड्याला वजन येतं. आम्ही त्यातून आरएमआय, म्हणजे कॅन्सरच्या धोक्याचा आकडा काढतो. त्यात तीन आकड्यांचा गुणाकार असतो : सोनोग्राफीचा गुण, पाळीचा गुण आणि सीए-१२५. सोनोग्राफीत अनेक कप्पे, घट्ट भाग, दोन्ही बाजूंना सिस्ट, पोटात पाणी, इतरत्र पसरल्याची खूण, या पाचांपैकी एकही नसेल तर ०, एक असेल तर १, त्याहून जास्त असतील तर ३. पाळी चालू असेल तर १, गेली असेल तर ३. गुणाकार २००च्या वर गेला तर कॅन्सर सर्जनकडे पाठवायचं. आईंची सिस्ट खरोखर सिम्पल असेल तर पहिलाच गुण ०, म्हणजे सगळा गुणाकार ०. पाळी गेल्यावरही ३ सेंमीच्या आतल्या सिम्पल सिस्टला पुढे काही लागत नाही असं काही मार्गदर्शिका म्हणतात. ब्रिटिश पद्धत ५ सेंमीच्या आत असेल आणि सीए-१२५ नॉर्मल असेल तर चार ते सहा महिन्यांनी पुन्हा बघायची आणि वर्षभर तशीच राहिली तर सोडून द्यायची. मी दुसरी पद्धत पाळते. आईंचा सीए-१२५ जास्त आला, किंवा पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, भूक मंदावणं असं काही नव्याने सुरू झालं, तर वाट बघू नका. साठीच्या आसपास नव्याने सुरू झालेलं हे 'गॅसेस'चं दुखणं ओव्हरीचं असू शकतं आणि त्यात फार महिने वाया जातात.

बहिणीबद्दल. पॉलिसिस्टिकमधल्या त्या 'सिस्ट' २ ते ९ मिमीच्या फॉलिकल असतात, वाढता वाढता मध्येच थांबलेल्या. त्या काढायच्या नसतात, काढून उपयोगही नाही. आणि पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवर पीसीओएसचं (पॉलिसिस्टिक ओव्हरीच्या आजाराचं) निदान करायचंच नाही, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या ओव्हरीही अशाच दिसतात. किशोरवयात दोन गोष्टी दोन्ही लागतात : पाळीची अनियमितता, आणि पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण. पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाल्यावर ३५ दिवसांहून मोठं चक्र अनियमित धरतात. ते तिला लागू आहे. दुसरं बघायचं : हनुवटीवर, बेंबीखाली जाड केस, हटत नसलेले मुरूम, रक्तातला टेस्टोस्टेरॉन. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन (एक हार्मोन), कारण थायरॉइडनेही पाळी लांबते. निदान झालंच तर ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांची साखर. वजन जास्त असेल तर ५ टक्के कमी झालं तरी पुष्कळदा पाळी सुधारते. तीन-तीन महिने पाळी येत नसेल तर गोळ्या देऊन आणायची, नाहीतर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं. काकूंना सांगा, ऑपरेशनचा इथे प्रश्नच नाही.

शेवटचं, आणि वहिनींनी हे नीट वाचावं. सिस्टच्या वजनाने ओव्हरी आपल्या देठावर पीळ खाते, त्याला टॉर्शन म्हणतात. ५ सेंमीच्या पुढे धोका वाढतो. डावीकडे मोठ्या आतड्याने जागा अडवलेली असते, म्हणून उजवीकडे जास्त होतं. अचानक एका बाजूला जोराची कळ, सोबत उलट्या, कधी कळ थोडी ओसरते आणि पुन्हा येते. ओसरली म्हणून घरी थांबू नका. डॉपलरवर रक्तप्रवाह दिसला तरी टॉर्शन नाही असं म्हणता येत नाही, कारण आधी शिरा दबतात, धमनी नंतर. काही तासांत पीळ सोडवला तर ओव्हरी वाचते. काळीनिळी दिसणारीही पुष्कळदा सावरते. निघताना काही खाऊपिऊ देऊ नका, भूल द्यावी लागेल. सिस्ट फुटून रक्त पोटात गेलं तर दुखणं सगळ्या पोटभर होतं, चक्कर येते, घाम फुटतो, खांद्यातही दुखू शकतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आणखी सावध. या दोन्हींत ओपीडीची वेळ बघायची नाही.

---

शर्वरी_क :

दोघांचेही मनापासून आभार. गर्भधारणा चाचणी केली, निगेटिव्ह आहे. दुखणं बरंच कमी आहे. दोन प्रश्न राहिले. वहिनींना पाळीत खूप दुखतं, मग ही चॉकलेट सिस्ट नाही हे कशावरून? आणि त्या झुंबाला जातात, ते चालू ठेवायचं का? डर्मॉइडचा उल्लेख झाला, तेही थोडं सांगाल का?

---

स्त्रीरोग_सोलापूर :

झुंबा सहा आठवडे बंद. उड्या, धावणं, जोराचे पीळ, जड उचलणं नको. चालायला हरकत नाही. शरीरसंबंधही दुखणं पूर्ण थांबेपर्यंत टाळा. हेमोरेजिक सिस्ट फुटण्याचं ते नेहमीचं निमित्त आहे.

चॉकलेट सिस्टची शंका रास्त आहे. ती एंडोमेट्रिओसिसची असते, त्यात दर महिन्याचं जुनं रक्त साठून दाट तपकिरी झालेलं असतं. सोनोग्राफीत जाळी दिसत नाही, दुधी काचेसारखं एकसारखं धुरकट दिसतं. खरा फरक वेळ दाखवते : हेमोरेजिक सहा ते आठ आठवड्यांत लहान होते किंवा जाते, चॉकलेट सिस्ट तशीच राहते. म्हणूनही ती दुसरी सोनोग्राफी करायची. वहिनींना पाळीच्या आधीपासून दुखतं का, संबंधाच्या वेळी खोल दुखतं का, पाळीत शौचाला त्रास होतो का, हे विचारा. उत्तर हो असेल तर सोनोग्राफी करणाऱ्याला आधी सांगा, म्हणजे ते गर्भाशयामागची जागा आणि चिकटलेली आतडी वेगळी तपासतील.

चॉकलेट सिस्ट निघालीच तर ऑपरेशनची घाई करू नये, असं माझं ठाम मत आहे. तिला ओव्हरीपासून वेगळी होईल अशी स्वच्छ कड नसते. सोलून काढताना चांगली ऊतीही सोबत येते, रक्त थांबवायला डाग दिले की आणखी जळते, आणि एएमएच (ओव्हरीत किती बीजं उरलीत याचा अंदाज देणारं हार्मोन) खाली येतं. दोन्ही बाजूंना असेल तर जास्तच. मूल हवं असेल तर ऑपरेशनच्या आधी एएमएच करून ठेवा. आयव्हीएफच्या आधी 'सिस्ट काढून घेऊ' असा सल्ला मिळाला तर कारण विचारा, कारण काढल्याने गर्भ राहण्याचं प्रमाण वाढत नाही. बीज काढायला सुई पोचत नसेल, दुखणं असह्य असेल किंवा घट्ट भागाची शंका असेल, ही कारणं योग्य. नुसतं सुईने ओढून घेणं टिकत नाही, पुन्हा भरते. मूल आत्ता नको असेल तर डायनोजेस्ट (हार्मोनची गोळी) २ मिग्रॅ रोज एक, महिनोन्महिने. सुरुवातीला अधूनमधून डाग लागतात. तेवढ्यासाठी मध्येच सोडलं की दुखणं परत येतं.

डर्मॉइड जन्मापासून अडकलेल्या बीजपेशींतून होते. आत केस, चरबीसारखा पदार्थ, कधी दात. वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटरने वाढते, आपोआप जात नाही, १० ते १५ टक्के बायकांत दोन्ही बाजूंना असते, आणि टॉर्शनचं मोठं कारण आहे. कॅन्सर होणं विरळ, १ ते २ टक्के, तेही बहुतेक उतारवयात. ५ सेंमीच्या आसपास गेली की काढतो. दुर्बिणीने सिस्ट तेवढी सोलून पिशवीत घालून बाहेर काढायची. आतला पदार्थ पोटात सांडला तर काही लिटर कोमट सलाइनने धुवावं लागतं, नाहीतर पोटाच्या आतल्या पडद्याला रासायनिक सूज येते आणि आतडी चिकटतात. कॅन्सरची शंका असलेली सिस्ट तर मुळीच फोडायची किंवा सुईने तपासायची नाही. ऑपरेशनमध्ये फुटली तरी स्टेज १ए ची १सी होते, म्हणजे वाढते. अशी शंका असेल तर पहिलंच ऑपरेशन गायनॅक-ऑन्को (स्त्रियांच्या कॅन्सरच्या) सर्जनकडे, मग ते परळच्या टाटा मेमोरियलमध्ये असो वा जवळच्या कॅन्सर केंद्रात.

---

जनरल_सर्जन_कराड :

ओव्हरीवर भरपूर लिहून झालंय. बायकांमधल्या बाकीच्या सिस्टबद्दल थोडं, कारण त्या दाखवायला संकोच होतो आणि उशीर होतो.

स्तनातली सिस्ट साधारण ३५ ते ५० वयात. पाळीच्या आधी दुखते, हाताला गुळगुळीत, थोडी हलणारी लागते. सोनोग्राफी करायचीच, चाळिशीनंतर सोबत मॅमोग्राफी. रिपोर्टमधला बाय-रॅड्सचा (स्तनाच्या तपासणीतल्या श्रेणीचा) आकडा २ म्हणजे साधी, विषय संपला. ३ ला सहा महिन्यांनी पुन्हा. ४ किंवा ५ असेल तर कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने तुकडा काढून तपासणं, तिथे 'थोडं थांबून बघू' चालत नाही. दुखत असेल तर २१-२२ गेजच्या सुईने पाणी काढतो. पाणी पिवळट किंवा हिरवट असेल आणि गाठ पूर्ण बसली तर पुढे तपासायला लागत नाही, चार-सहा आठवड्यांनी परत भरली का एवढं हाताने बघायचं. पाणी रक्ताळलेलं असेल किंवा काढल्यावरही काही शिल्लक लागत असेल, तर बायोप्सी. पाळी गेल्यावर, हार्मोनच्या गोळ्या चालू नसताना नव्याने आलेली सिस्ट जास्त बारकाईने बघतो. अंगावर पाजणाऱ्या आईत दुधाची सिस्ट होते. पाजणं बंद करायचं कारण नाही.

बार्थोलिन ग्रंथी योनीच्या तोंडाशी खाली दोन्ही बाजूंना असतात, घड्याळाच्या ४ आणि ८ या जागी. नळी बंद झाली की एका बाजूला फुगवटा येतो. लहान आणि न दुखणारी असेल तर हात लावत नाही. दुखायला लागली तर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा बसायचं. पू झाला तर नुसती चीर देऊन काढणं पुरत नाही : चीर दोन दिवसांत मिटते आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. म्हणून वर्ड कॅथेटरचा बारीक फुगा ३ मिली सलाइनने भरून चार आठवडे आत ठेवतात, म्हणजे नवं कायमचं तोंड तयार होतं. सगळीकडे तो मिळत नाही, मग मार्सुपियलायझेशन, म्हणजे पिशवीच्या कडा बाहेरच्या कातडीला शिवून तोंड उघडं ठेवणं. वारंवार होत असेल तर साखर तपासा. चाळिशीनंतर पहिल्यांदा झाली तर तुकडा तपासायलाच हवा.

कातडीखालची एपिडर्मॉइड सिस्ट मध्यभागी काळ्या ठिपक्यावरून ओळखता येते. दाबून लगदा काढू नका. पिशवी आतच राहते, पुन्हा भरते, आणि आत फुटली तर लालभडक सुजते. सुजलेली असताना फक्त पू काढायचा. अस्तरासकट काढणं चार-सहा आठवड्यांनी, सूज बसल्यावर.

मनगटावरची गँगलिऑन (सांध्याजवळची द्रवाची गाठ) बायकांत पुरुषांपेक्षा जास्त. टॉर्च लावला तर उजेड आरपार दिसतो. बऱ्याच आपोआप बसतात. सुईने ओढली तरी पुष्कळ वेळा परत येते, आणि तळहाताच्या बाजूच्या, अंगठ्याकडच्या गँगलिऑनमध्ये सुई घालूच नये, तिथे नाडीची धमनी चिकटलेली असते.

---

ओटी_सिस्टर :

शर्वरीताई, तपासणीला जाताना लागणारं थोडं लिहिते.

पोटावरून सोनोग्राफी असेल तर तासभर आधी पाच-सहा ग्लास पाणी पिऊन लघवी रोखून धरायची, मूत्राशय भरल्याशिवाय ओव्हरी नीट दिसत नाही. योनीमार्गातून असेल तर उलट, आधी लघवी करून जायचं. आईंना हे सांगा, नाहीतर त्या पाणी पिऊन ताटकळत बसतील. लग्न न झालेल्या मुलींची योनीमार्गातून करत नाहीत. पोटावरून स्पष्ट दिसलं नाही तर गुदमार्गातून किंवा एमआरआय. बहिणीच्या वेळी काकूंना हे आधीच सांगून ठेवा.

वहिनींची पुढची सोनोग्राफी त्याच सेंटरला करा आणि आधीच्या फिल्म, सीडी बरोबर न्या. नुसता कागद नेला तर तुलना होत नाही. कागदावर शेवटच्या पाळीची तारीख लिहून द्या. चालू गोळ्याही लिहा, त्यात हार्मोन, टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरची गोळी) आणि रक्त पातळ करणारी गोळी खास करून. गर्भाशयात हार्मोनवाली मिरेना (तांबीसारखं साधन) बसवली असेल तर तेही, कारण तिच्यामुळे फंक्शनल सिस्ट वरचेवर दिसतात आणि आपोआप जातात.

कधी ऑपरेशनची वेळ आलीच तर संमतीपत्र वाचल्याशिवाय सही करू नका. 'सिस्टेक्टॉमी' म्हणजे सिस्ट काढणं, 'ऊफोरेक्टॉमी' म्हणजे ओव्हरी काढणं. दोन्ही शब्द एकाच ओळीत असतील तर कुठल्या परिस्थितीत दुसरं करणार, हे सर्जनला विचारून तिथेच लिहून घ्या. काढलेला भाग हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) गेला का, रिपोर्ट कधी मिळणार, हे विचारा आणि तो रिपोर्ट जपून ठेवा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. भरती झाल्यावर धावपळ होते.

---

शर्वरी_क :

वहिनींना काल पाळी आली. म्हणजे ही सोडून पुढची, आणि तिच्या ५व्या ते १०व्या दिवसांत सोनोग्राफी. आईंची योनीमार्गातून सोनोग्राफी आणि सीए-१२५ याच आठवड्यात करून घेते. वहिनींची पाळी कधी २६ दिवसांनी, कधी ३३ दिवसांनी येते, मग तारीख आत्ताच घेऊन ठेवू का?

---

सोनो_नाशिक :

तारीख आत्ता घेऊ नका, ती हमखास चुकते. पुढची पाळी सुरू झाली त्याच दिवशी सेंटरला फोन करा आणि ६व्या-७व्या दिवसाची वेळ घ्या. पहिला दिवस म्हणजे लाल रक्तस्राव नीट सुरू झाला तो. आदल्या दिवशीचे तपकिरी डाग धरायचे नाहीत. रक्तस्राव थोडा चालू असला तरी सोनोग्राफी करता येते, संकोच नको.